ऐंशी रकाने

मामाच्या लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत, भोकं पडलेलं एक जुनं कार्ड आहे. पिवळट, जाड कागदाचं, एक कोपरा तिरका कातरलेला. लहानपणी मी ते उजेडाकडे धरून भोकं मोजत बसायचे आणि मामा संपाच्या गोष्टी सांगायचा.

आजोबा मुंबईत लालबागच्या एका कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. आई सांगते, आजी त्या वर्षी दहा बाय दहाच्या खोलीत खानावळीच्या चपात्या लाटायची. आजोबा पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, डबा नसलेली पिशवी बघायचे, परत बसायचे.

मामा तेव्हा दहावीत. तोतरा. वाण्याकडे ‘पाव किलो’ म्हणेपर्यंत मागचं गिऱ्हाईक सामान घेऊन जायचं. नाक्यावरची पोरं त्याचं वाक्य त्याच्या आधी पुरं करून हसायची, म्हणून त्याने नाकाच सोडला. 1984 मध्ये राजीव गांधी सरकारने कॉम्प्युटरच्या आयातीवरची बंधनं सैल केली आणि पुढच्या काही वर्षांत गल्लोगल्ली क्लास निघाले. आजीने पाटल्या मोडून त्याला कोबोल या कॉम्प्युटरच्या भाषेच्या क्लासला घातलं. मशीन थोडी, पोरं फार. आठवडाभर प्रोग्राम कागदावर लिहायचा, तेव्हा तासभर मशीन मिळायचं. ‘पण त्या तासात मध्येच बोलणारं कुणी नसायचं गो,’ मामा सांगतो. ‘मी चुकलो तर ते चूक दाखवून गप्प थांबायचं.’

आजोबांना मात्र कॉम्प्युटर या शब्दाचीच धास्ती होती. बँकांतल्या, विमा कचेऱ्यांतल्या युनियन वर्षानुवर्षं त्याविरुद्ध लढत होत्या. मशीन आलं की माणूस जातो, हे त्यांचंही मत. त्यांना हटवादी कसं म्हणू? काम जाणं म्हणजे काय, ते घरात रोज दिसत होतं.

अशात मामाने क्लासच्या अडगळीतून ते कार्ड आणलं. आजोबांनी हातात घेतलं, अंगठा भोकांवरून फिरवला आणि म्हणाले, ‘हे तर जॅकार्डचे पत्ते.’ त्यांच्या खात्यात नक्षीचे काही साचे होते. भोक असलं की ताण्याचा दोरा उचलायचा, नसलं की खालीच ठेवायचा. अशा पत्त्यांच्या माळेवर अख्खी वेलबुट्टी विणली जाते. फ्रान्समध्ये जॅकार्डने 1804 च्या सुमारास बसवलेली ही युक्ती. पुढे हॉलेरिथने अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली. मामाने विचारलं, ‘बाबा, नक्षी चुकली तर?’ आजोबा रात्री उशिरापर्यंत सांगत राहिले. तीन वर्षांत त्यांच्या कामाबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

मामाने आणलेल्या त्या कॉम्प्युटरच्या कार्डावर 80 रकाने. एका रकान्यात एक अक्षर, म्हणून जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे लिहायचे. कार्डं गेली, सवय राहिली. 2000 साल जवळ आलं तेव्हा जगभरच्या बँका आणि विमा कंपन्यांना घाम फुटला, कारण ‘00’ म्हणजे 1900 असं मशीन धरून चालणार होतं. जुनं कोबोल वाचणारी माणसं हवी होती, आणि ती आपल्याकडे होती. अंधेरीतल्या मुलाखतीत मामाचं आपल्या नावावरच अडलं. समोरच्या माणसाने प्रोग्रामचा कागद पुढे सरकवला. मामाने पेन्सिलीने चुकलेल्या ओळीखाली रेघ मारली.

चाळीतल्या सगळ्यांच्या आयांकडे पाटल्या नव्हत्या. मामाच्या बरोबरीची, गणितात त्याच्याहून हुशार असलेली दोघं सिक्युरिटीच्या नोकरीला लागली. त्यांची नावं मामा अजून घेतो, मधूनच, जेवताना.

31 डिसेंबर 1999 ला मामा न्यू जर्सीत रात्रपाळीला होता. तिथे बारा वाजले तेव्हा चाळीत 1 तारखेची सकाळ, साडेदहा. थोड्या वेळाने फोन आला. आजोबांनी सगळ्यांच्या हातून रिसीव्हर घेतला.

‘काय रे, धागा तुटला नाही ना कुठे?’

‘ना... ना...’

आई म्हणाली, ‘नाही म्हणतोय तो, बाबा, बिल वाढतंय.’ आजोबांनी तिला हाताने थांबवलं आणि मामाचा शब्द पुरा होईपर्यंत रिसीव्हर कानाशी धरून उभे राहिले.