कारीच्या दप्तरातली तारीख

आजचा भाग ऐकण्याआधी मोबाइलमधलं कॅलेंडर उघडा आणि १९ फेब्रुवारी बघा. शिवजयंतीची सुट्टी. ही तारीख आली कुठून? एका गावातल्या एका घरातून. त्या घराने जपलेले कागद बाहेर दिले म्हणून.

तिथे जायचं तर आधी आंबवडे. भोर तालुक्यातलं, पुणे जिल्ह्यातलं. नागेश्वराचं जुनं देऊळ, संस्थानच्या काळातला झुलता पूल, गर्द झाडी. रीलसाठी लोक पुलावर थांबतात आणि परततात. पण याच गावात कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत. होय, ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’मधलाच जिवा. सचिव शंकराजी नारायण यांची समाधीही इथेच आहे. भोरचं संस्थान पुढे त्यांच्याच घराण्याने चालवलं. इथे तिकीटखिडकी नाही, काचेची कपाटं नाहीत. जे आहे ते गावाने सांभाळलंय.

आणि जवळच कारी. जेधे देशमुखांचं गाव. १६५९ साली अफझलखान चालून आला, तेव्हा आदिलशहाचं फर्मान कान्होजींनाही आलं होतं: खानाला येऊन मिळा. ते घेऊन कान्होजी पाच मुलांसह महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. हा प्रसंग आपल्याला कळतो तो ‘जेधे करीना’ या कागदातून. करीना म्हणजे घराण्याची हकिकत.

याच घरात आणखी एक दस्तऐवज होता, ‘जेधे शकावली’. शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटनांची तिथीवार टिपणं. गोष्ट नाही, वर्णन नाही. एकेका ओळीत काय घडलं एवढंच. दाजीसाहेब जेधे देशमुखांनी ती लोकमान्य टिळकांच्या हाती दिली. १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनाच्या वृत्तात टिळकांनी ती छापली. तोवर बखरींवरून महाराजांचा जन्म शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ मधला मानत. शकावली म्हणाली, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०.

लगेच सगळ्यांनी मान डोलावली असं समजू नका! वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पुढे तंजावरला परमानंदाचं ‘शिवभारत’ सापडलं, १९२७ साली छापून आलं, आणि त्यातही हीच तिथी निघाली. कुठे कारी, कुठे तंजावर! आता शकावलीचं पारडं जड झालं.

हे सगळं आज का सांगतोय? कारण हल्ली संग्रहालयांच्या जगात ‘लोकसहभाग’ हा परवलीचा शब्द झालाय. नीना सायमन यांचं त्यावरचं पुस्तक २०१० साली आलं. संग्रहालयांच्या जागतिक संघटनेने, आयकॉमने, २०२२ मध्ये प्राग शहरात संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. त्यात समाजाचा सहभाग हे शब्द चक्क लिहिलेत. आपल्याकडे मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय २०१५ पासून बसमध्ये प्रदर्शन मांडून शाळांत आणि गावांत नेतं. तिथल्या बालसंग्रहालयात तर मुलांनीच वस्तू निवडून प्रदर्शन मांडलं. ‘हात लावू नका’ ऐकत वाढलेल्या आमच्यासारख्यांना याचा थोडा हेवाच वाटतो.

कारणही उघड आहे. पूर्वी माणसं संग्रहालयात जाऊन गप्प बघायची. आताचा प्रेक्षक फोन घेऊन येतो, फोटो काढतो, विचारतो: यात माझं गाव कुठंय?

पण महाराष्ट्रात लोकांच्या घरातूनच संग्रह उभे राहिलेत. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणारे वि. का. राजवाडे कागदांसाठी गावोगाव हिंडले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे, अडकित्ते हे सगळं दिनकर केळकरांनी घराघरांतून, वाड्यावाड्यांतून गोळा केलं. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं. देणारे हात तेव्हाही लोकांचेच होते. फरक एवढाच की वस्तू आत गेली की देणारा बाहेर राहायचा. पाटीवर काय लिहायचं, हे त्याला कोणी विचारलं नाही.

मग आता विचारायचं का? माझं मत: विचारायचं, पण डोळे मिटून नाही. करीना हा घराण्याने आपली बाजू मांडण्यासाठी लिहिलेला कागद असतो. वतनाचा हक्क, मान, पराक्रम, सगळं स्वतःच्या बाजूने. ते खोटंच असतं असं नाही, पण एकट्याच्या साक्षीवर निकाल लागत नाही. शकावलीलाही शिवभारताची जोड मिळाली तेव्हा वजन आलं. उद्या आंबवड्यात समाध्यांजवळ गावाच्या आठवणींचं एखादं दालन झालं, तर तिथे आजीची गोष्ट हवीच. शेजारी ‘ही गावात सांगितली जाते’ अशी पाटी हवी, आणि ‘हे कागदात सापडतं’ अशी वेगळी पाटी हवी. दोन्ही एकत्र कालवलं की पुढच्या पिढीला काहीच सुटं करता येत नाही.

दुसरी अडचण विश्वासाची. बऱ्याच घरांत दप्तर आजही माळ्यावर असतं. ‘मूळ कागद द्या’ म्हटलं की लोक मागे सरतात, आणि त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही. दिलेलं परत येईल का, नाव कुणाचं लागेल, हे प्रश्न रास्त आहेत. इथे मात्र तुमचा फोन कामाचा. मूळ कागद घरातच राहू द्या, फोटो बाहेर जाऊ द्या.

तुमच्या माळ्यावर असं काही असेल, तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्हीने कागद कायमचा खराब होतो. सावलीत, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पुढून-मागून फोटो काढा. मोडी वाचता येत नसली तरी क्रम बिघडवू नका. आणि घरातल्या थोरल्या माणसाला विचारून, हे दप्तर कुठून आलं ते त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. फाइलला नाव देताना गाव आणि तारीख टाका.