पणजोबा महायुद्धात होते का, हे कसं शोधायचं? नावाआधी नंबर बघा

कोकणात, साताऱ्याकडं, कोल्हापूरकडं बऱ्याच जुन्या घरांत एक वाक्य ऐकायला मिळतं. "आमचे पणजोबा बसऱ्याला गेले, ते आलेच नाहीत." कोणती पलटण, कोणतं साल, असं पुढं विचारलं की सगळे गप्प. हातात असतो एक पिवळा पडलेला फोटो, ट्रंकेत गुंडाळून ठेवलेलं एखादं पदक आणि आजीनं सांगितलेली अर्धी गोष्ट.

बसरा हे नाव मात्र उगाच लक्षात राहिलेलं नाही. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमध्ये लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून ही डिव्हिजन कूत या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. पुढं कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात हजारोंचा जीव गेला.

बसऱ्याला ४० हजारांहून जास्त जणांचं स्मारक आहे. तिथं ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली गेली. भारतीयांपैकी नावं आली ती अधिकाऱ्यांचीच. साध्या शिपायांच्या वाट्याला आला पलटणीपुढचा आकडा, इतके मेले एवढाच. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ मध्ये अशी असमान वागणूक दिल्याचं मान्य करून माफी मागितली. आपल्याकडच्या गावांतही चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीत अशी संगमरवरी पाटी सापडते. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. नाव एकाचंही नाही.

मग नाव कुठं आहे?

बऱ्याच शिपायांची नावं कमिशनच्या नोंदवह्यांत होती आणि आता ती त्यांच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतात. अनेक नोंदींत वडिलांचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही मिळतो. पण इथं फक्त सेवेत असताना मेलेले लोक आहेत. पहिल्या महायुद्धासाठी ऑगस्ट १९१४ ते ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी सप्टेंबर १९३९ ते डिसेंबर १९४७ एवढाच काळ धरलाय. पणजोबा लढून घरी आले असतील, तर ते इथं सापडणार नाहीत. त्यांचा माग पलटणीच्या कागदांत काढावा लागतो.

शोधताना खरी गंमत स्पेलिंगची. कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं. पवारांचे पोवार होतात, शिंद्यांचे सिंदे, सखारामचा सुकाराम. जिल्ह्यांचंही तसंच. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, त्यामुळं मालवणचा माणूस रत्नागिरीत शोधायचा. रायगडचा कुलाब्यात. सावंतवाडी किंवा भोरसारख्या संस्थानातलं गाव असेल तर तेही डोक्यात ठेवायचं.

आणि रामचंद्र शिंदे एका पलटणीत चार असू शकतात. नाव जुळलं म्हणून लगेच "सापडले!" अशी पोस्ट टाकू नये. वडिलांचं नाव आणि गाव जुळलं नाही, तर आपण दुसऱ्याच्याच पणजोबांना हार घालत असतो. ही चूक टाळायची तर सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे सैनिकाचा नंबर.

नंबर मिळतो कुठं?

पहिली जागा म्हणजे पदकाची कड. पहिल्या महायुद्धातल्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर हीच माहिती मागच्या बाजूला. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांना मिळालेल्या पदकांवरही ती बहुतेकदा सापडते. दसऱ्याला तांब्याच्या भांड्यांबरोबर पदक चिंचेनं किंवा पितांबरीनं घासायची पद्धत असेल तर ती आजच बंद करा, अक्षरं झिजतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर पुसट अक्षरंही वाचता येतात.

पदक नसून बशीएवढी काशाची जड थाळी असेल, वर एक स्त्री आणि सिंह, तर ती पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी आलेली. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा आणि पलटण मुद्दाम वगळलेली.

कागदांत डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद सगळ्यात मोलाचे. ते हरवले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. कुटुंबानं तिथं कधी अनुदानासाठी अर्ज केला असेल तर त्यात नंबर असू शकतो. युद्धानंतर काहींना जंगी इनाम किंवा जमीन मिळाली. जमिनीची नोंद जुन्या फेरफारात सापडू शकते.

फोटो काय सांगतो?

आधी फोटो मागून पुढून स्कॅन करा. मागं स्टुडिओचा शिक्का आणि गाव असतं. खांद्यावरची धातूची अक्षरं पलटण सांगतात. बाहीवर तीन पट्ट्या असतील तर हवालदार, दोन असतील तर नाईक. घरात सगळे "सुभेदार" म्हणत असले तरी बाही वेगळंच सांगू शकते! दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोत दंडावरचं चिन्ह बघा. लाल गरुड असेल तर चौथी डिव्हिजन, काळं मांजर असेल तर ब्रह्मदेशात लढलेली सतरावी. एआयनं रंगीत केलेल्या फोटोवरून पदकाची रिबन ओळखू नका, ते रंग अंदाजानं भरलेले असतात.

पलटणीचा आकडा वाचतानाही एक घोळ होतो. १९२२ मध्ये सैन्याची फेररचना झाली आणि १०३, १०५, ११०, ११६, ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. इटलीत १९४४ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे, म्हणजे जुन्या ११० चे. १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ महार पलटण मात्र युद्धानंतर लवकरच मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला नव्यानं सुरू झाली, तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे.

नंबर आणि पलटण हातात आली की मराठा सैनिकासाठी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहिता येतं. नातं दाखवणारे कागद सोबत जोडावेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवरही जुने लष्करी कागद शोधता येतात. पलटणीच्या युद्ध डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. त्यांत शिपायाचं नाव क्वचितच येतं. पण पणजोबांची पलटण अमुक तारखेला कुठल्या नदीकाठी होती आणि त्या दिवशी किती माणसं परत आली नाहीत, हे त्यात लिहिलेलं असतं.