पीजे आणि डोळ्याचा पडदा

जळगाव जिल्ह्यातील जामनेरच्या नेत्ररुग्णाचा इतिहास हा पुष्कळ अंशी त्याच्या प्रवासाचा इतिहास होय. मोतीबिंदू सुईने बाजूस सारणारे वैद्य एके काळी हिंदुस्थानभर गावोगाव फिरत. पुढे शास्त्रशुद्ध शस्त्रक्रियेची इस्पितळे शहरांतून उभी राहिली, तेव्हा वैद्य एका जागी स्थिरावला आणि रोगी हिंडू लागला. १९१९ च्या सुमारास जामनेरपर्यंत पोहोचलेली अरुंद मापाची गाडी, लोकांच्या तोंडची ‘पीजे’, पहूर, शेंदुर्णी घेत सुमारे ५६ किलोमीटर रमतगमत पाचोऱ्यास जाई, आणि तेथे मुंबईची मोठी गाडी मिळे.

परंतु प्रवासाला निघावयाचे तर आधी आपले काही बिघडले आहे हे रोग्याला कळावे लागते. मोतीबिंदूचा पांढुरका ठिपका शेजाऱ्यालाही दिसतो. मधुमेह मात्र डोळ्याच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगवितो, पाझरवितो, आणि सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला त्याचा सुगावाही लागत नाही. १८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी पडदा पाहण्याचे यंत्र प्रसिद्ध केले, १८५५ साली येगर यांनी मधुमेह्याच्या पडद्यावरील विकृतीची नोंद केली. तथापि १९२१ च्या इन्सुलिनच्या शोधाने मधुमेह्याचे आयुष्य वाढले, आणि त्या वाढलेल्या आयुष्यातच हा विकार खऱ्या अर्थाने बोकाळला.

ज्याला दुखत नाही तो तिकीट काढीत नाही. म्हणून रोग्याऐवजी त्याच्या पडद्याचे चित्र धाडावे, ही दूरचिकित्सेची युक्ती. हनुवटी टेकवावी, क्षणभर प्रकाश चमकावा, आणि ते चित्र दूरच्या तज्ज्ञाने वाचावे. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांतून आरोग्यसेवकांनी मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने अशी चित्रे टिपली, आणि ती यंत्रबुद्धीकडून जागच्या जागी तपासून घेतल्याचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

योगायोग असा की, मार्च २०२० च्या ज्या आठवड्यात टाळेबंदीने पीजे थांबली, त्याच आठवड्यात, २५ तारखेस, दूरचिकित्सेची सरकारी नियमावली जारी झाली. पीजे त्यानंतर पुन्हा धावली नाही. मात्र चित्र कितीही दूर गेले तरी पडद्यावर उपचार करणारा लेसरचा किरण तारेवरून येत नाही. ज्याच्या चित्रावर तज्ज्ञाने खूण केली, तो इसम जळगावच्या एसटीत प्रत्यक्ष बसला, तरच त्या चित्राचा प्रवास कारणी लागला म्हणावयाचे.