छोट्या बोर्डवर वाय-फाय कार्ड का चालत नाही?

पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर हा कारखान्यांचा पट्टा आहे. भीमेच्या काठाने शेती. कारखान्यात यंत्राचे तापमान मोजायचे असो वा शेतातला पंप घरून सुरू करायचा असो, आत काम करतो एक छोटा संगणक, म्हणजेच एम्बेडेड सिस्टीम. त्याला वाय-फायचा यूएसबी डोंगल लावला, दिवाही लागला, तरी नेटवर्क मिळत नाही, असे अनेकदा होते. फोनमध्ये ही जुळवाजुळव कंपनीने आधीच केलेली असते. बोर्डवर ती स्वतः करावी लागते.

आधी चिप ओळखा

डोंगलवरचे नाव फसवे असू शकते. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रियलटेकची आली. खोका तसाच, पण ड्रायव्हर वेगळा. लिनक्समध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की कार्डाचा ओळख क्रमांक दिसतो. त्यावरून चिप शोधता येते.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर

ड्रायव्हर बोर्डवर चालतो, तर फर्मवेअर कार्डावरच्या चिपमध्ये. अनेक कार्डांना फर्मवेअर दर वेळी सुरू होताना बोर्डकडून मिळावे लागते. त्याची फाइल नसेल तर कार्ड ओळखले जाते, पण चालत नाही. 'डीमेसेज' या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत हरवलेल्या फाइलचे नावही सापडते.

ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच असलेले कार्ड घेणे उत्तम. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर कर्नेल अपडेट झाल्यावर बंद पडू शकतो, आणि बोर्ड शेतातल्या पेटीत असेल तर दुरुस्तीला तिथवर जावे लागते.

देशाचा कोड

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये, तर ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये ठरावीक मर्यादेत परवानामुक्त झाला. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असल्याने बोर्डला देश सांगावा लागतो. भारताचा कोड 'आयएन'. अमेरिकेचा कोड राहिला आणि राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर असला, तर नेटवर्क दिसणारच नाही. ५ गिगाहर्ट्झ चालणाऱ्या रास्पबेरी पाय बोर्डांवर तर देश निवडेपर्यंत वाय-फाय बंदच असते.

वीज आणि अंतर

यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळते. अडॅप्टर कमजोर असेल तर डोंगल मध्येच बंद होतो. ड्रायव्हर बदलत बसण्याआधी अडॅप्टर आणि केबल बदलून पाहावी.

वाय-फायचा पल्ला मोकळ्या जागेतही साधारण शंभर मीटरच्या आसपास असतो. पंप त्याहून लांब असेल तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यावर चालणारे लोरा हे तंत्र सोयीचे. त्याचा वेग कमी असतो, पण 'चालू' आणि 'बंद' एवढा निरोप काही किलोमीटरवर पोहोचवायला तो पुरतो.