गिंकगो: पानांतील फ्लेव्होनॉइड्सचे कार्य आणि महत्त्व

गिंकगो (शास्त्रीय नाव: गिंकगो बायलोबा) हा मूळचा चीनमधील पानझडी वृक्ष. पंख्याच्या आकाराची पाने ही त्याची ओळख. त्याच्या कुळातील इतर सर्व प्रजाती नामशेष झाल्यामुळे त्याला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणतात. या झाडावर कीड-रोग फारसे येत नाहीत. त्यात पानांतील फ्लेव्होनॉइड्सचाही वाटा आहे.

प्रमुख घटक
• फ्लेव्होनॉल ग्लायकोसाइड्स: क्वेर्सेटिन, केम्फेरॉल व आयसोऱ्हॅमनेटिन यांना शर्करा जोडली जाऊन बनलेली संयुगे.
• बायफ्लेव्होन्स: दोन फ्लेव्होन रेणू जोडले जाऊन बनलेली संयुगे. उदा. गिंकगेटिन, बायलोबेटिन.

झाडाला होणारा उपयोग
• सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे शोषून पानांतील पेशींचे रक्षण करतात.
• तीव्र ऊन, थंडी किंवा पाण्याच्या ताणात तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजन रेणूंना निष्प्रभ करतात.
• बायफ्लेव्होन्स बुरशी व किडींविरुद्धच्या संरक्षणात मदत करतात.

शरद ऋतूत पाने सोनेरी पिवळी दिसतात, ती मात्र मुख्यतः कॅरोटिनॉइड्समुळे.

काढणी व प्रक्रिया
पानांसाठीच्या लागवडीत झाडे दाट लावून, छाटणी करून झुडपासारखी ठेवतात. पाने हिरवी असतानाच काढून लगेच वाळवतात. पाने पिवळी पडेपर्यंत थांबल्यास फ्लेव्होनॉल ग्लायकोसाइड्सचे प्रमाण घटते. प्रमाणित अर्कात सुमारे २४ टक्के फ्लेव्होनॉल ग्लायकोसाइड्स व ६ टक्के टर्पिन लॅक्टोन्स असतात. ॲलर्जीकारक गिंकगोलिक आम्ल ५ पीपीएमपेक्षा कमी ठेवावे लागते. घरी वाळवलेल्या पानांच्या भुकटीतून हे आम्ल निघत नाही, त्यामुळे ती अर्काला पर्याय नाही.

लागवडीपूर्वी लक्षात घ्या
• या वृक्षाला थंड हिवाळा मानवतो. महाराष्ट्रातील उष्ण, सपाट भागात त्याची व्यापारी लागवड करणे जोखमीचे आहे.
• वाढ अतिशय सावकाश होते. रोपांपासून वाढवलेल्या झाडांना बिया येण्यास २० वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो.
• ‘स्मरणशक्ती वाढवणारे झाड’ अशा जाहिरातीवर विसंबून रोपे घेऊ नका. अमेरिकेत ३,०६९ ज्येष्ठांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गिंकगो अर्काने स्मृतिभ्रंश टळल्याचे दिसले नाही.
• रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अर्क घेऊ नये. कच्च्या बिया विषारी असतात, त्या खाऊ नयेत.