सुप्याच्या बाजारात कागद का जळाले, आणि तुमचा सिबिल रिपोर्ट

गेले काही आठवडे इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, सिबिल खराब झालंय, काय करू?" उत्तर देणार आहे, अगदी कामाचं उत्तर देणार आहे. पण हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, त्यामुळे आपण सुप्यावरून जाऊ. घाई असेल त्यांनी शेवटची सहा-सात मिनिटं ऐका, मी रागावणार नाही.

सुपे म्हणजे आपलं पुणे जिल्ह्यातलं, आजच्या बारामती तालुक्यातलं. पारनेरजवळचं एमआयडीसीवालं सुपा नव्हे. १८७५ साली हे भीमथडी तालुक्यातलं बाजाराचं मोठं गाव होतं. दुकानं, धान्याची कोठारं आणि सावकारांच्या पेढ्या तिथे होत्या. १२ मे १८७५ ला आसपासच्या गावांतून माणसं इथे जमली आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेली. धान्य लुटलं गेलं, काही ठिकाणी आगही लागली. पण जमावाला मुख्यतः हवे होते कागद. कर्जरोखे, गहाणखतं, कोर्टाचे हुकूमनामे, हिशेबाच्या वह्या. ते बाहेर काढायचे आणि रस्त्यावर जाळायचे.

पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. शाळेत आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन ओळी वाचतो ना, तेच हे. आणि यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे माणसांवर हात फार कमी उचलला गेला. सावकाराने कागद मुकाट्याने बाहेर आणून दिले, तर बऱ्याच ठिकाणी जमाव तेवढ्यावर परत फिरला. चिडलेला माणूस आणि एवढा हिशेबी? त्याला बरोबर माहीत होतं की आपल्याला बांधलंय ते त्या कागदाने.

आता हे कागद एवढे जीवघेणे का झाले, ते बघू.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज द्यायला लागले. युद्ध संपलं, भाव पडले, तसे सावकारांनी हात आखडते घेतले. त्यातच सरकारने नव्याने शेतसारा ठरवला आणि तो बराच वाढवला. सारा रोख भरायचा, पीक येवो न येवो. मग शेतकरी जाणार कुठे? सावकाराकडेच.

इथे कायद्याची एक गंमत आहे, वाईट अर्थाने. १८५९ साली मुदतीचा एक कायदा आला होता. कर्जरोख्यावर दावा करायचा तर साधारण तीन वर्षांच्या आत करा. हेतू चांगला, की व्याजावर व्याज वर्षानुवर्षं साचत जाऊ नये. झालं उलटंच. तीन वर्षं संपत आली की सावकार म्हणायचा, जुना कागद राहू दे, नवा लिहून दे. नव्या कागदात मुद्दल कोणतं? जुनं मुद्दल अधिक थकलेलं सगळं व्याज. समजा शंभर रुपये घेतले, व्याज दरसाल शेकडा चोवीस. तीन वर्षांनी कागद १७२ रुपयांचा. सहा वर्षांनी २९६ चा. नऊ वर्षांनी ५०९ चा. हातात आले होते शंभरच. (क्रेडिट कार्डाचं फक्त 'मिनिमम ड्यू' भरत राहणाऱ्यांनी हे गणित एकदा रात्री शांतपणे करून बघावं.)

आणि हा कागद लिहितो कोण? सावकार किंवा त्याचा कारकून. ठेवतो कोण? सावकार. शेतकऱ्याला वाचता येत नाही, तो अंगठा उठवतो. त्याच्याकडे नक्कल नसते. पैसे परत केले तर पावती मिळेलच असं नाही, आणि वहीत जमा धरलं की नाही हे तो बघणार कसं? मग कोर्टात दावा लागतो, कोर्ट कागद बघतं, खाली अंगठा आहे, विषय संपला. सुप्याच्या दंग्याचं मूळ मला इथे दिसतं. कर्ज गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. आपल्याबद्दल लिहिलेलं आपल्यालाच दिसत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही, आणि कोर्ट मात्र तेवढंच खरं मानतं, ही गोष्ट नवी होती.

सावकाराला राक्षस करून मोकळं होऊ नका, असं मी नेहमी सांगतो. सरकारला सारा वेळेवर मिळायचा तो बऱ्याचदा याच सावकाराच्या पैशातून. शिवाय राग सगळ्यांवर सारखा नव्हता. बाहेरून आलेल्या मारवाडी, गुजराती सावकारांवर तो जास्त निघाला, गावचे ब्राह्मण सावकार पुष्कळ ठिकाणी सुटले. हेही लक्षात ठेवायला हवं.

इथे तुकोबांची आठवण येतेच. त्यांच्या घरी सावकारी होती. परंपरा सांगते की भावाशी वाटणी करून आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. कागद बुडाला की कर्ज गेलं, हे सावकारालाही कळतं आणि कुळालाही. फरक एवढाच की सुप्याला तो कागद कुळांनीच हिसकावला.

सरकारने पोलीस आणि लष्कर आणलं, शेकडो लोकांना अटक केली, मग चौकशी आयोग नेमला. त्यातून पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी सहाय्य कायदा आला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. यात सगळे बघतात ते मोठं कलम, की कोर्टाने नुसता कागद न बघता कर्जाचा मूळापासूनचा इतिहास उकरून काढावा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही, हेही आलं. पण मला आवडतात ती मागच्या बाजूची छोटी कलमं. शेतकऱ्याने पैसे भरले की लेखी पावती द्यायची. त्याने मागितलं तर वर्षातून एकदा त्याच्या खात्याचा उतारा द्यायचा. पासबुक मागितलं तर त्यात हिशेब लिहून द्यायचा. नाही दिलं तर दंड.

वर्षातून एकदा खात्याचा उतारा. हे शब्द लक्षात ठेवा, परत लागणार आहेत.

कायदा चालला का? अर्धामुर्धा. सावकारांनी पळवाट काढली. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायचं आणि परतफेडीचं तोंडी ठेवायचं. कोर्ट गहाणाचा इतिहास उकरणार ना? मग कागदोपत्री गहाणच नाही!

आता थोडं लांब, न्यूयॉर्कला जाऊ, कारण तुमच्या सिबिलची एक शाखा तिथून येते. लुईस टॅपन नावाचा रेशमाचा व्यापारी होता, गुलामगिरीविरोधी चळवळीतला. १८३७ च्या मंदीत त्याच्या भावाची पेढी बुडाली, कारण उधारी कुणाला दिली ते धड माहीतच नव्हतं. १८४१ साली त्याने 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावचे वकील वगैरे मंडळी बातमीदार नेमली. हा व्यापारी पैसे फेडतो का, दारू पितो का, बायको श्रीमंत घरची आहे का, सगळं मोठाल्या वह्यांत उतरवायचं आणि वर्गणीदारांना दाखवायचं. या बातमीदारांत तरुण वकील अब्राहम लिंकनसुद्धा होता. सुप्याच्या सावकाराकडे निदान त्याची एकट्याची वही होती. इथे सगळ्या सावकारांची मिळून एकच वही झाली, आणि ज्याच्याबद्दल ती लिहिली त्याला ती बघायची सोय नाही.

पुढे अशाच वह्या साध्या गिऱ्हाइकांच्याही निघाल्या. त्यात इतकी कुजबुज शिरली की शेवटी अमेरिकेच्या संसदेत सुनावण्या झाल्या आणि १९७० साली कायदा आला. तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते तुम्हाला विचारता येईल, चूक असेल तर आव्हान देता येईल. टॅपनच्या एजन्सीची पुढे डन अँड ब्रॅडस्ट्रीट झाली. आणि २००० साली मुंबईत सिबिल स्थापन झालं, तेव्हा स्टेट बँक, एचडीएफसी, ट्रान्सयुनियन यांच्यासोबत चौथी भागीदार होती हीच डन अँड ब्रॅडस्ट्रीट.

आपल्याकडे याचा कायदा २००५ चा, लागू झाला २००६ मध्ये. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. 'सिबिल' हे यातल्या एकीचं नाव, आपण झेरॉक्ससारखं सगळ्यांना लावतो. आणि १ सप्टेंबर २०१६ ला रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांना सांगितलं की जानेवारी २०१७ पासून मागेल त्याला दर कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्या.

आठवलं? वर्षातून एकदा खात्याचा उतारा. १८७९ मध्ये चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांपुरतं, आता सगळ्यांना, मोबाईलवर.

तर आता कामाचं. चारही कंपन्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून फुकटचा रिपोर्ट घ्या. आपला आपण बघितला तर स्कोअर कमी होत नाही, ही भीती काढून टाका. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक बघते ती चौकशी वेगळी, ती नोंदवली जाते, आणि महिन्याभरात पाच ॲपवर अर्ज टाकले की पाचही दिसतात. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. पण स्कोअरकडे नंतर बघा, आधी रिपोर्ट वाचा. स्कोअर त्यातूनच निघतो. पहिली नजर खात्यांच्या यादीवर टाका. जे कर्ज तुम्ही घेतलंच नाही ते तिथे आहे का? तुमचं पॅन वापरून कुणी काही केलं असेल तर इथे कळतं. मग 'डीपीडी' चा तक्ता, म्हणजे प्रत्येक महिन्यात हप्ता किती दिवस थकला. शून्य असेल तर छान. तीस, साठ, नव्वद असे आकडे दिसले तर तिथे दुखणं आहे. मग खात्याची स्थिती बघा. 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' यात फार अंतर आहे. वसुलीवाला फोनवर गोड बोलतो, "निम्मे भरा, मॅटर क्लोज करतो." तो क्लोज करत नाही, सेटल करतो. रिपोर्टवर वर्षानुवर्षं दिसतं की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. जमत असेल तर कर्ज देणाऱ्याशी बोलून उरलेली रक्कम भरा, 'नो ड्यूज'चं पत्र घ्या आणि नोंद बदलायला लेखी सांगा.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण देतो. कॉलेजात असताना हप्त्यावर फोन घेतला होता, एका फायनान्स कंपनीकडून, नाव सांगत नाही. सगळे हप्ते भरले. तीन वर्षांनी स्कूटरचं कर्ज नाकारलं गेलं. मला म्हणाली, "दादा, मी तर एक हप्ता चुकवला नाही रे." रिपोर्ट काढला तर शेवटचा हप्ता थकीत, आणि तेव्हापासून दर महिन्याला थकबाकी वाढतेय. तिने बँकेचं स्टेटमेंट शोधलं, त्यात तो हप्ता गेलेला स्पष्ट दिसत होता. ते जोडून रिपोर्टवाल्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार केली. ही तक्रार फुकट असते. पण ती कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारते. म्हणून तिने त्यांनाही वेगळा ईमेल टाकला. सव्वीस दिवसांनी नोंद दुरुस्त झाली, स्कूटर पुढच्या महिन्यात आली.

हे सव्वीस दिवस का, तर नियम तीस दिवसांचा आहे. एप्रिल २०२४ पासून तीस दिवसांत तक्रार सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. तरीही ऐकत नसतील तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. त्याच सुमारापासून आणखी एक सोय झालीय. कुणी तुमचा रिपोर्ट उघडला की तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल यायला हवा. त्यासाठी त्यांच्याकडे तुमचा आत्ताचा नंबर असला पाहिजे, जुना नव्हे.

आणि इन्स्टावर "सिबिल साफ करून देतो, फक्त चार हजार" म्हणणारे? चूक असेल ती तुम्ही फुकटात दुरुस्त करू शकता. खरी असेल ती पुसायची ताकद त्यांच्यात नाही. खरी थकबाकी असेल तर ती भरायची आणि पुढचे हप्ते वेळेवर जाऊ द्यायचे, कार्डाची मर्यादा काठोकाठ वापरायची नाही, उगाच नवे अर्ज टाकायचे नाहीत. हळूहळू नवे महिने चांगले दिसायला लागतात. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवायची आहे, त्यामुळे भरलेलं दिसायला पूर्वीइतका वेळ लागू नये.

फुकटच्या रिपोर्टचं वर्ष कॅलेंडरचं असतं. म्हणजे यंदाचा अजून घेतला नसेल तर ३१ डिसेंबरच्या आत घ्या. जानेवारीत पुढचा परत मिळतो.