सोंग वटवाघळाचे

गेल्या गणेशोत्सवाच्या आधी आपल्या मंडळींपैकी एका जुन्या घरातील नववीतल्या मुलीने बालचित्रांच्या प्रदर्शनासाठी एक चित्र दिले. चित्रात एक वटवाघूळ होते. पण ते दोन पायांवर ताठ उभे, खांद्यावर पिवळसर केसांची झूल, अंगात परकर-पोलके, आणि मिटलेल्या पंखांच्या बोटांत एक पुस्तक. खाली तिने लिहिले होते, 'ही मीच आहे.' चौकशी केल्यावर कळले की अलीकडच्या मुलांत स्वतःसाठी एखादा प्राणी निवडून त्याला नाव, रंग, स्वभाव आणि पोशाख देण्याचा एक छंद आहे. त्या पात्राला ते 'फरसोना' म्हणतात आणि असा छंद बाळगणाऱ्यांना 'फरी'.

कार्यकारिणीत दोन तट पडले. वटवाघूळ अशुभ, ते गणपतीच्या मांडवात नको, असे एका बाजूचे म्हणणे होते. हे परदेशी खूळ आहे, आपल्या परंपरेत माणूस जनावर होत नाही, असा दुसरा आक्षेप आला. आम्हांस मत विचारण्यात आले. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि जुन्या पुस्तकांची कपाटे उघडली. त्या शोधात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम दुसरा आक्षेप घेऊ. मराठीत यासाठी परका शब्द आणण्याची गरजच नाही. आपल्याकडे 'सोंग' हा शब्द आहे, आणि तो फार जुना व भारदस्त आहे. सोंग घेतात, आणतात, वठवतात आणि उतरवतात. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण आपल्या प्रत्येक घरात बोलली गेली आहे. त्या म्हणीतच कबुली आहे की बाकीची सगळी सोंगे आणण्याचा आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे.

त्यांत जनावरांची सोंगे कमी नाहीत. जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवतात. चंपाषष्ठीस ते भुंकतात आणि कोटंब्यातले अन्न कुत्र्याप्रमाणे तोंड लावून खातात. त्यात कोणास कमीपणा वाटत नाही, कारण ते धन्यावरील निष्ठेचे रूप आहे. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. पिंगळा हे एका लहान घुबडाचे नाव. त्या पक्ष्याची भाषा आपणांस कळते असे सांगून हा जोशी भविष्य कथन करतो आणि पक्ष्याचेच नाव धारण करतो. रात्रीच्या, अशुभ मानलेल्या जीवाचे नाव घेऊन दारी आलेल्या माणसाला आपल्या आज्यांनी सुपातून धान्य घातले, ही गोष्ट पहिला आक्षेप घेणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावी. नागपुरास मोहरमात अंगावर पिवळे-काळे पट्टे रंगवून 'वाघ' नाचत असत, तेही याच कुळातले.

सुरतेच्या वाचकांस याहून जवळचे उदाहरण डांगात सापडेल. जव्हार-मोखाड्याकडे ज्यास 'बोहाडा' म्हणतात, त्याच जातीचा मुखवट्यांचा उत्सव डांगात 'भवाडा' या नावाने होतो. लाकडाचे वा कागदाच्या लगद्याचे मुखवटे बांधून, संबळाच्या तालावर, मशालींच्या उजेडात रात्र रात्र ही सोंगे नाचतात. देव, राक्षस आणि जनावरे एकाच रिंगणात येतात. भाषावार प्रांतरचनेच्या काळात डांग कोणाचा यावर पुष्कळ वाद झाला, आणि १ मे १९६० रोजी तो गुजरात राज्यात राहिला. मुखवटे मात्र सीमेच्या दोन्ही अंगांस तसेच नाचत राहिले. राज्याची हद्द आखताना त्यांची भाषा कोणी विचारली नाही, हे त्यांचे भाग्यच म्हणावयाचे.

सोंगाचे काही नियम असतात. एक, सोंगाला वेळ असते. ते अवेळी आणीत नाहीत. दोन, सोंगाला मान असतो. ज्याने मुखवटा बांधला त्याच्याशी त्या रात्रीपुरते त्या रूपाप्रमाणेच वागावे लागते. तीन, सोंग उतरवावे लागते. आणि चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा: सोंग फसवण्यासाठी नसते. पाहणाऱ्यास आत कोण आहे हे ठाऊक असते.

या चौथ्या नियमाने सोंग आणि वेषांतर यांतला भेद उघड होतो, आणि तो समजावून घेण्यास सुरतेइतके योग्य गाव नाही. सभासदाच्या बखरीत सुरतेची खबर महाराजांकडे आणणारा म्हणून बहिर्जी जासुदाचा उल्लेख येतो. १६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेवर आले, त्यामागे ही खबर होती. तो फकीर होऊन, भिकारी होऊन या शहराच्या पेठांतून हिंडला, अशा कथा पुढे लोकपरंपरेने रंगविल्या. त्या कथांतला बहिर्जी ओळखला गेला तर प्राणास मुकणार होता. सोंगाड्या ओळखला गेला नाही तर त्याचे सोंग फुकट जाते. संत एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडांतून जोशी, गोंधळी, महारीण अशी कितीतरी रूपे घेतली, पण ऐकणाऱ्यांस नाथ दिसतच राहिले. आपल्या नेहमीच्या आवाजात जे बोलता येत नाही, ते दुसऱ्याच्या रूपात उघडपणे बोलणे, हे सोंगाचे प्रयोजन. 'ही मीच आहे' असे चित्राखाली लिहिणारी मुलगी बहिर्जीच्या नव्हे, नाथांच्या वाटेवर आहे.

परदेशातील हकिकतही थोडक्यात सांगावयास हवी. फरी मंडळींचे पहिले स्वतंत्र संमेलन १९८९ साली कॅलिफोर्नियात भरले. त्यांचे एक मोठे वार्षिक संमेलन २००६ पासून पिट्सबर्ग येथे भरत आले आहे. त्यांतील फार थोडे लोक जनावराचा पूर्ण पोशाख करतात. बाकीच्यांचे पात्र चित्रात आणि गोष्टीतच राहते. वटवाघळाचे रूप माणसावर चढविण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र याच्याही पन्नास वर्षे आधीचे, बॅटमॅनचे आहे. १९३९ च्या मे महिन्याच्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये तो अवतरला. चित्रकार बॉब केन यांच्या पहिल्या आराखड्यात लाल पोशाख, डोळ्यांपुरता छोटा मुखवटा आणि पाठीवर ताठ पंख होते. लेखक बिल फिंगर यांनी सुचवले की पंखांऐवजी झगा द्यावा, मुखवट्याला कान असावेत आणि रंग करडा असावा. जग ओळखते ते रूप या सूचनांतून घडले. फिंगर यांचे नाव निर्माता म्हणून अधिकृतपणे छापले जाण्यास मात्र २०१५ उजाडले. रूप घडविणे हे किती बारकाईचे काम आहे, आणि त्यातला निम्मा कारागीर कसा अंधारात राहू शकतो, हे या कथेवरून दिसते.

आता पहिला आक्षेप, वटवाघळाचा. बिचाऱ्या या जीवाची आपल्या वाङ्मयात बरीच निंदा झाली आहे. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कोणत्या चोरीने कोणता जन्म येतो त्याची यादी आहे. तीत गूळ चोरणारा 'वाग्गुद' होतो. त्याचा अर्थ वटवाघूळ असा केला गेला आहे. गोडाची आवड प्राचीनांनी बरोबर हेरली होती, एवढे मान्य केले पाहिजे. इसापाच्या नावावरील कथेत तर पशू आणि पक्षी यांचे युद्ध लागते, आणि वटवाघूळ जिंकणाऱ्याच्या बाजूने उडी मारत राहते. शेवटी दोघेही त्याला हाकलतात आणि ते रात्री एकटे हिंडू लागते. इसापनीती मराठीत प्रथम छापली गेली ती पुण्यात नव्हे, मुंबईतही नव्हे. १८०६ साली तंजावरास सरफोजी राजांच्या छापखान्यातून 'बालबोध मुक्तावली' या नावाने ती निघाली. मुंबईस सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ ची, म्हणजे बावीस वर्षांनी मागाहून आलेली. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांनी हे पहिले काम केले, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी विसरू नये.

त्या कथेत एक चूक आहे, आणि ती शास्त्राची आहे. वटवाघूळ अर्धे पाखरू आणि अर्धे जनावर नाही. ते पुरतेच सस्तन जनावर आहे; पिलास दूध पाजते, अंगावर केस आहेत, आणि तरीही उडते. त्याचा पंख म्हणजे हातच आहे: चार बोटे लांबवून त्यांवर कातड्याचा पडदा ताणलेला, आणि अंगठा नखासह मोकळा. इटलीतील स्पालांझानी यांनी १७९३ पासून प्रयोग करून दाखविले की डोळे गेलेली वटवाघळेही अडथळे चुकवीत उडतात. त्याचा उलगडा अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी केला. लहान वटवाघळे माणसाच्या कानास न ऐकू येणारा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. वडा-पिंपळावर लटकणारे आपले मोठे वटवाघूळ मात्र तसे करीत नाही. ते डोळ्यांनी आणि वासाने फळ शोधते. त्याचे तोंड कोल्ह्यासारखे, खांद्यावर पिवळसर झूल, आणि पंखांचा विस्तार सव्वा मीटरच्या घरात असतो. मुलीने झूल काढली होती, अंगठा मोकळा ठेवला होता आणि डोळे मोठे रंगवले होते. तिने पाहून काढले होते, हे त्यावरून आम्हांस कळले.

हे प्राणी फळझाडांचे बी दूरवर नेऊन टाकतात आणि मोहासारख्या झाडांच्या फुलांचे परागण करतात. असे असूनही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात बसविली होती. ते परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीने निघाले. अशुभाचा शिक्का कायद्यानेही पुसावयास पन्नास वर्षे घेतली. आपल्या कार्यकारिणीने आठ दिवस घेतले तर त्यात नवल नाही.

शेवटी आम्ही त्या मुलीसच विचारले, की बाळ, एवढी पाखरे-जनावरे सोडून हेच का? ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, शाळेत सगळे मला महाराष्ट्रीयन म्हणतात. सुट्टीत पुण्याला गेले की मावसभावंडे गुजराती म्हणून चिडवतात. मराठी बोलले तरी हसतात, गुजराती बोलले तरी हसतात. मग मी ती गोष्ट वाचली, युद्धाची. मला वाटले, त्याला कोणी विचारलेच नाही की तू कोण."

आम्हांस उत्तर सुचेना. आपल्यांपैकी कोणाचे पूर्वज गायकवाडांच्या अंमलाबरोबर या मुलखात आले, कोणाचे इंग्रजी कचेऱ्यांतून, कोणाचे गिरण्यांच्या निमित्ताने. आपण सभा भरवितो, त्रैमासिक काढतो, गणपती बसवितो. आणि असे समजतो की मुलांना आपण कोण हे त्यामुळे आपोआप कळते. या मुलीने ते कोणी न सांगता, कागदावर, रंगांत, स्वतः शोधले. ज्या प्रश्नावर आम्ही कैक परिसंवाद घेतले, त्यासाठी तिने एक सोंग आणले, आणि ते वठले.

तिला सांगण्याजोगी एकच गोष्ट आमच्या संग्रही होती, ती सांगितली. मराठीत ज्यास आपण वटवाघूळ म्हणतो, त्यास गुजरातीत 'वडवागोळ' म्हणतात. दोन्ही भाषांत तोच वड, आणि दोन्हींत तेच वाघूळ. शब्द जुळे आहेत. एकाच झाडावर लटकलेले. या प्राण्याला दोन्ही घरांत नाव आहे आणि दोन्हीकडे ते त्याचेच नाव आहे. ती ऐकून हसली, आणि चित्र घेऊन घरी गेली.

चित्र मांडवात लागले. गणपतीच्या मखराशेजारी नव्हे, प्रवेशदाराजवळच्या पडद्यावर. तेवढी तडजोड दोन्ही तटांनी केली. 'ही मीच आहे' या ओळीखाली आता दोन नावे होती, एक देवनागरीत आणि एक गुजराती लिपीत. अनंत चतुर्दशीस मांडव उतरवताना तिच्या आजी स्वतः ते चित्र सोडवून घेऊन गेल्या, आणि ज्यांनी ते अशुभ म्हटले होते त्यांनीच त्यांना पडद्याच्या टाचण्या काढून दिल्या.